किरकोळ पत्रव्यवहार

सतराव्या पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला आणि मग कागद दिसले. उंदराचं मूत, जुनी खळ आणि कुणाच्या तरी बंद कपाटातला दमट कोट, असा तिन्हींचा मिळून एक वास. सूचीकार बाईने नाकाला रुमाल बांधला, चिमटा उचलला आणि वरच्या पत्रावर चपटी होऊन वाळलेली कसर अलगद सोलून काढली. कसरीच्या जागी कागदावर एक पिवळट ठसा राहिला. तिने तो फुंकला. जात नव्हता.

सहा महिने झाले, ती हेच करत होती. ग्रंथालयाच्या जुन्या कागदांच्या विभागात एक्केचाळीस पेट्या आल्या होत्या, सगळ्या एकाच माणसाच्या. प्रोफेसर म्हणायचे त्यांना सगळे, जणू दुसरा कुणी प्रोफेसर झालाच नाही. अर्थशास्त्रज्ञ. कारखान्यात काम करणाऱ्या बाळंतिणींना दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटांची दूधसुट्टी मिळवून देणारे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा होता. ग्रंथालयाच्या जिन्यात दाराएवढी तसबीर होती आणि तसबिरीखाली त्यांचंच वाक्य कोरलेलं होतं: कामगार स्त्री हा आकडा नव्हे. महिनाभराने त्यांच्या नावाचं दालन उघडायचं होतं, त्याच दिवशी या पत्रव्यवहाराची छापील सूची निघायची होती, आणि सूची निघाली की बाईला कायम करायचं, असं संचालकांनी कबूल केलं होतं. तोंडीच, पण दोनदा.

बाईचं घर या कबुलीवर टेकलेलं होतं. लेक दहा महिन्यांची. रडायला लागली की अख्खी इमारत गोळा करायची म्हणून तिचं नाव पडलं होतं टिटवी. टिटवीला सासूबाई सांभाळत, पण त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते. कायम झालं की ग्रंथालयाच्या पाळणाघरात जागा मिळत होती, आणि प्रोफेसरांची ती दूधसुट्टीही. सध्या बाई करारावर, म्हणून तिला सुट्टी नाही. दुपारी डब्याची वेळ असायची, त्यातलीच दहा मिनिटं चोरून ती मागच्या रॅकआड स्टुलावर बसायची, छातीला पंप लावायची आणि समोरच्या पेटीतलं एखादं पत्र वाचायची. दूधसुट्टीच्या जनकाची पत्रं, अशी चोरून दूध काढताना. पहिल्यांदा तिला या गोष्टीचं हसू आलं होतं. नंतर सवय झाली.

आणि खरं सांगायचं तर तिचा जीव जडला होता त्या माणसावर. काय अक्षर होतं. काय नेटकेपणा. बायकोला लिहिलेल्या पत्रात सुद्धा उजवीकडे तारीख, डावीकडे पत्राचा क्रमांक. आलेलं प्रत्येक पत्र, त्याला दिलेल्या उत्तराची कार्बन प्रत, आणि दोन्ही मिळून एक टाचणी. काम संपलं की वरच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द: निकाली.

त्या टाचण्या मात्र बाईनेच काढल्या होत्या. इथल्या कामाची रीतच तशी. पेटी आली की आधी टाचण्या काढायच्या, कारण गंज कागद खातो. मग कागद लावायचे तीन ढिगांत. मान्यवर, संस्था आणि किरकोळ. मंत्री, कारखानदार, विद्वान हे मान्यवर. मंडळं, युनियनी, समित्या या संस्था. आणि ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही ते सगळे किरकोळ. पहिल्या दोन महिन्यांत तिने तीन हजारांवर टाचण्या उपसल्या असतील. तिच्या हातातला चिमटा कधी सुटायचा नाही, म्हणून बाइंडरकाकांनी तिचं बारसं केलं होतं: चिमटेबाई. बाइंडरकाका म्हणजे तळघरात फाटके कागद जोडणारे गृहस्थ. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, बोटांना कायम खळ. आपलं लग्न खळीशी झालंय आणि ती सोडत नाही, असं सांगायचे.

त्या दिवशी दुपारी सतराव्या पेटीतल्या किरकोळच्या ढिगातून एका बाईची चार पत्रं वर आली. सुताच्या गिरणीत रिळं भरणारी बाई. अक्षर नव्यानेच शिकलेलं, एकेक अक्षर विटेसारखं ठेवलेलं. प्रोफेसर गिरणीच्या आवारात रविवारी लिहा-वाचायचा वर्ग घ्यायचे, हे धड्यातही होतं. ही त्याच वर्गातली. पंप लावून बाईने पहिलं पत्र गुडघ्यावर ठेवलं. त्याच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा मोठा डाग होता आणि डागाशेजारी लिहिलं होतं, शाई बाळाने सांडली, दुसरा कागद नाही, माफ करा.

‘सुट्टी मिळाली,’ असं पुढे लिहिलं होतं. ‘पण फाटकापाशी मुकादम उभा राहतो. खरंच दूध आहे का ते बघतो. बघतो म्हणजे हाताने बघतो. ज्यांचं येत नाही त्यांना माघारी पाठवतो. माझं भीतीनेच आटतं. तुम्ही वर्गात म्हणाला होता लिहा, नाव कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. माझ्यासारख्या आणखी तिघी आहेत.’ आणि खाली तिघींची नावं.

बाईने पंप बंद केला. बाटलीत जेमतेम दोन बोटं दूध आलं होतं. तिने ब्लाउजची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावली.

दुसरं पत्र दोन ओळींचं. पत्र पोचलं का, एवढंच विचारलं होतं. तिसऱ्यात कळलं की तिला कामावरून काढलं. मॅनेजरने तिला खोलीत बोलावलं, तिचंच पत्र हातात धरून मुकादमासमोर मोठ्याने वाचलं आणि दोघं हसले. तिच्या अक्षरालाही हसले. चौथं होतं एक कार्ड. ‘मला काढलं ते जाऊ दे. त्या तिघींनाही काढलं. त्या रोज दारात येतात. त्यांना काय उत्तर देऊ तेवढं सांगा.’ कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने लिहिलं होतं, निकाली.

तर आता गंमत अशी की बाईला पहिला राग आला तो त्या रिळंवालीचाच. म्हणजे काय, या बाईने उगाच प्रोफेसरांवर बालंट आणलं. पत्र मॅनेजरच्या हातात कसं असेल? पत्र तर इथे आहे, पेटीत, शाईच्या डागासकट. मॅनेजरने दुसराच काहीतरी कागद धरला असेल आणि घाबरलेल्या बाईला तो आपला वाटला असेल. हे सिद्ध करता आलं पाहिजे. प्रोफेसरांची बाजू आपणच मांडायची, असं ठरवून ती पत्रं घेऊन तळघरात उतरली.

बाइंडरकाकांनी हात धुतले, पुसले आणि पहिलं पत्र दिव्याच्या काचेवर ठेवलं. वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाची एक तिरपी रेघ होती आणि तिच्या दोन टोकांना दोन भोकं. काकांनी भिंग लावलं. मग म्हणाले की चिमटेबाई, ही भोकं दोन नाहीत, चार आहेत. कागद एकदा टाचलाय, सोडवलाय, आणि मग पुन्हा टाचलाय. नंतरची टाचणी लांब होती, आधीच्या टाचणीपेक्षा तिरपी. गंज पलीकडच्या कागदावरही उतरतो. ज्या कागदावर असाच डाग, याच लांबीचा आणि याच तिरकेपणाचा, तो कागद याचा जोडीदार. शोधा.

टाचणी काढून जोडीदार तिनेच वेगळा केला होता, पत्र तिसऱ्या ढिगात आणि जोडीदार पहिल्यात. मान्यवरांच्या ढिगात गिरणीच्या मॅनेजरची सव्वाशे पत्रं होती. ती सगळी तिने खाली आणली. दोघांनी एकेक कागद दिव्यावर धरला. काका मधेच कसल्या तरी गाण्याचे सूर काढत होते; त्र्याहत्तराव्या पत्राला थांबले. डाग जुळला. आणि त्याच्यामागे, त्याच डागाची, प्रोफेसरांनी मॅनेजरला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रतही जुळली. तीन कागद एकमेकांवर ठेवले तर गंजाची रेघ एकच दिसत होती, सुईत ओवल्यासारखी.

वाचायला काकांनी चष्मा लावला नाही. त्यांनी खळीचं भांडं उगाच ढवळायला घेतलं. वाचलं बाईनेच.

आधी प्रोफेसरांची प्रत. सुट्टीचा दुरुपयोग टाळायचा तर फाटकावर पडताळणी हवीच, हे आपण पूर्वीच सुचवलं होतं, असं त्यांनी मॅनेजरला लिहिलं होतं. पडताळणी नसेल तर कोणतीही बाई शेजारणीचं मूल काखेत मारून वीस मिनिटं हवा खाऊन येईल. ‘सोबत एका कामगार स्त्रीचं पत्र पाहावं. पद्धत प्रत्यक्ष अमलात आली आहे असं त्यावरून दिसतं, ही समाधानाची बाब. मात्र हे काम एखाद्या स्त्रीकडून करून घ्यावं, म्हणजे गवगवा होणार नाही. पत्र कृपया परत करावं, मला संग्रहासाठी हवं आहे.’

आणि मॅनेजरचं उत्तर. पत्र साभार परत. चौघींची व्यवस्था लावली. मुकादमाला समज दिली. सुट्टी घेणाऱ्या स्त्रियांत एक तृतीयांश घट झाली, हा आकडा आपल्या ग्रंथाला उपयोगी पडेल.

आकडा ग्रंथात होता. बाईला पान आठवत होतं. तिने स्वतः त्याच्यावर कागदाची खूण ठेवली होती, किती बारकाईने मांडणी केली आहे म्हणून.

  प्रोफेसर दुष्ट असते, त्यांनी पत्र चोरून विकलं असतं, जाळलं असतं, निदान लपवलं असतं, तर तिला राग आला असता आणि रागावर माणूस उभा तरी राहतो. पण या माणसाला लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. सगळं तारखेनिशी होतं. त्या कार्डावर त्याने निकाली लिहिलं, पेन्सिल जागेवर ठेवली आणि जेवायला गेला असेल. तिला त्या नेटक्या अक्षराची शिसारी आली, जसं जेवता जेवता पानात केस निघावा आणि मागचे चार घास सुद्धा घशाशी यावेत.

काका एवढंच म्हणाले, “किरकोळमध्ये होती ना ती? तिकडेच ठेवा. मी आयुष्यभर कागद चिकटवले, बाई. वाचले नाहीत. म्हणून तर झोप लागते.”

तिने ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे कागद एका फोल्डरात घालून ती संचालकांकडे गेली. तिथे प्रोफेसरांची लेक चहा पीत बसलेली होती. पंचाहत्तरीची, पांढरी स्वच्छ साडी, अंगाला पावडरीचा वास. दालनासाठी घर विकून पैसा देणारी हीच. संचालक गृहस्थ मोठे चतुर. त्यांनी बाईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाळाला आठी पडू दिली नाही, आणि फोल्डर सरळ त्या लेकीपुढे सरकवला. जणू म्हणत होते, घ्या, आता तुम्हीच बघा एकमेकींचं.

लेकीने भिंग काढून सगळं वाचलं. सावकाश. कार्डसुद्धा. बाईला वाटलं, आता हिचा चेहरा पडेल, आता ही रडेल, आणि आपल्याला हिला पाणी द्यावं लागेल. तिने कोपऱ्यातला तांब्या कुठे आहे तेही बघून ठेवलं.

लेक म्हणाली, “बाबांचं सगळं असंच असायचं. एक कागद इकडचा तिकडे नाही.”

 बाईने म्हटलं की ते पत्र विश्वासाने लिहिलं होतं.

“पत्र बाबांना लिहिलं होतं ना? मग ते बाबांचंच झालं,” लेक म्हणाली, समजावणीच्या सुरात. “आणि हे बघ पोरी, मालक मंडळी तेव्हा कायदा उलथवायला टपलेली होती. पडताळणी दिली म्हणून सुट्टी टिकली. चौघी गेल्या आणि चाळीस हजारजणींची राहिली. तू तर अंगावर पाजणारी आहेस म्हणे. तुला कळायला हवं.”

आणि तिने हात पुढे करून बाईचा गाल थोपटला. हात मऊ होता, उबदार. बाईच्या मानेवरून काटा सरकत गेला. तिला मागे सरकायचं होतं आणि ती सरकली नाही. या गोष्टीचा पुढे कितीतरी दिवस तिला राग यायचा, की आपण गाल तसाच पुढे धरून उभ्या राहिलो.

संचालकांनी मग मध्यम मार्ग काढला. कागद फाडायचा नाही, लपवायचा नाही, आपण काही रानटी नाही. फक्त सूची ही सूची असते, ती काही कादंबरी नव्हे. चार पत्रं किरकोळमध्ये परत ठेवा, बाकीची दोन मान्यवरांत, आणि त्या चार पत्रांसाठी एक ओळ लिहा. ओळ त्यांनीच सांगितली: गिरणी कामगार स्त्रिया, बारीकसारीक तक्रारी, पत्रं चार. “यात खोटं काय आहे, सांगा मला,” ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. हीच तर त्यातली घाण होती. अशी ओळ वाचून पुढची शंभर वर्षं कुणी तो फोल्डर मागवणार नव्हतं.

तिने तिथेच, त्यांच्या टेबलावर, ती ओळ टाइप केली. आणि शेवटी, इथल्या रिवाजाप्रमाणे, आपली दोन आद्याक्षरं. सूचीतल्या प्रत्येक नोंदीखाली ती ज्याने केली त्याची आद्याक्षरं असतात. पुढे काही चुकलं तर विचारायचं कुणाला, ते कळावं म्हणून. संचालक म्हणाले, छान, आता तुमच्या ऑर्डरचं बघतो.

घरी आल्यावर तिने हात साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले. सासूबाईंनी विचारलं की हातावर काय सांडलंय. काही नाही, म्हणाली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा होता, पण स्वारी खुशीत होती. समोरच्या काकूंना सांगून झालं होतं, सूनबाई आता कायम होणार, पुढच्या महिन्यापासून मी मोकळी, मग तुमच्या त्या योगाच्या वर्गाला येते. टिटवी आईला पाहून दोन्ही हात पसरून झेपावली. अंगाला दिवसभराच्या झोपेचा आणि उकडलेल्या भाताचा वास. तिच्या मानेच्या वळीत एक शीत चिकटलं होतं. बाईने ते ओठांनी टिपलं, तिला कुशीत घेतलं, पदराखाली घेतलं. टिटवीने पकड घेतली, एक डोळा वर करून आईकडे पाहिलं, आणि आईच्या गळ्यातल्या साखळीशी एक बोट खेळायला लागलं. इतकं साधं ते सगळं. रोजचं.

आणि अचानक बाईला तिथे तिसरा हात जाणवला. मुकादमाचा, फाटकावरचा. तपासणारा. ती इतक्या जोरात मागे झाली की टिटवीचं तोंड सुटलं आणि तिने नावाला जागून अख्खी इमारत गोळा केली. सासूबाई धावत आल्या. बाई लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहिली आणि सारखी म्हणत राहिली, काही नाही गं, काही नाही, कुणी नाही, आपणच आहोत. पण दूध परत यायला वेळ लागला. माझं भीतीनेच आटतं, असं त्या बाईने लिहिलं होतं. ते खरं होतं. ते किरकोळ नव्हतं आणि बारीकसारीक नव्हतं, आणि त्याच्याखाली हिने आपली आद्याक्षरं घातली होती.

सकाळी संचालक यायच्या आधी तिने ती नोंद खोडून नवी लिहिली. सहाही कागद एका फोल्डरात, एका क्रमांकाखाली, टाचणीच्या डागावरून मूळ क्रम लावून. रिळं भरणाऱ्या स्त्रीची प्रोफेसरांना चार पत्रं, फाटकावर होणाऱ्या अंगतपासणीविषयी. त्यांतलं पहिलं प्रोफेसरांनी नावानिशी गिरणीच्या मॅनेजरकडे पाठवलं. त्यानंतर चार स्त्रियांना कामावरून काढलं. तपासणी सुचवणाऱ्या प्रोफेसरांच्या पत्राची प्रत आणि मॅनेजरचं उत्तर जोडलं आहे. एक म्हणून विशेषण तिने वापरलं नाही. सवयीने हात ‘दुर्दैवाने’ टाइप करायला गेला होता, तोही शब्द काढला.

संचालकांनी ते वाचलं आणि यावेळी आठी पडली. कालचीच ओळ जाईल, म्हणाले. ती म्हणाली, जाऊ द्या, पण मग खाली आद्याक्षरं तुमची घाला. माझ्या नावावर ती ओळ नको.

यावर ते थांबले. हा माणूस तीस वर्षं याच धंद्यात होता. सूचीत कोण काय लपवतं आणि पन्नास वर्षांनी ते कुणाच्या नावावर निघतं, हे त्याला बाईपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, ओळीकडे पाहिलं. टोपण परत लावलं.

“सतरावी पेटी दुरुस्तीला पाठवा,” ते म्हणाले. “सूचीत तिच्यापुढे लिहा, दुरुस्तीत. विषय संपला. आणि हो, तुमचा करार महिनाअखेर संपतो, ते तुम्हाला माहीतच आहे.”

नऊ दिवस होते महिनाअखेरीला. बाईच्या डोळ्यांसमोर आधी सासूबाईंचे गुडघे आले, मग समोरच्या काकू.  काही बोललं तर रडू येईल आणि रडताना हा माणूस आपल्याला पाणी देईल, या कल्पनेचीच तिला ओकारी येत होती.

पेटी न्यायला बाइंडरकाका हातगाडी घेऊन वर आले. जिन्यात तसबिरीखालून गाडी उतरवताना दोघांनीही वर बघितलं नाही. तळघरात पोचल्यावर बाईने विचारलं की या पेटीत दुरुस्त काय करणार. कागद तर धडधाकट आहेत.

 काकांनी कामाच्या टेबलामागचा पडदा बाजूला केला. मागे भिंतीला लागून पेट्या होत्या. अकरा. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, दुरुस्तीत. वरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, खालच्या तपकिरी. एकावर माजी महापौरांचं नाव होतं, एकावर अनाथाश्रमाचं, एकावर एका नामांकित डॉक्टरांचं.

“यातल्या एकीलाही कीड नाही,” काका म्हणाले. “माझ्या हाताला येण्याआधीचीही एक आहे.”

बाई तिथेच एका पेटीवर बसली. सहा महिने ती कसर, उंदीर आणि बुरशीला नाक मुरडत होती. या खोलीत त्यातलं काहीच नव्हतं. स्वच्छ झाडलेली फरशी, सरळ रांग, कोरड्या खळीचा गोडसर वास. अंगावर शहारा आला तो या स्वच्छतेने. म्हणजे प्रोफेसर एकटे नव्हते. निकाली लिहायची पेन्सिल नुसती हातातून हातात आली होती, आणि शेवटी या म्हाताऱ्याच्या खळीने माखलेल्या बोटांत. ती त्यांच्याकडे बघेना.

“बघू नका,” काका म्हणाले. “मीही आरशात फारसा बघत नाही.”

मग त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. कापडी पाठीची, प्रत्येक पानावर छापील आकडा असलेली. दुरुस्तीला आलेली प्रत्येक अख्खी पेटी हिच्यात चढते. पानं मोजलेली असतात, एकही फाडता येत नाही, आणि वही भरली की ती ग्रंथालयाच्या कायम दप्तरात जाते, जाळायची सोय नाही. पेटीचा क्रमांक, आल्याची तारीख, आणि मग सर्वांत रुंद रकाना, कागदाची स्थिती. अकरा पेट्यांपुढे एकच शब्द होता, पहिला कुणाच्या तरी जुन्या अक्षरात, बाकी दहा काकांच्या बारीक अक्षरात: कीड.

“कायदा आहे, स्थिती पाहून लिहायची,” काका म्हणाले. “मी न पाहता लिहिली. पाहणाऱ्याची सही हवी असते. कोण पाहतो ते कुठे म्हटलेलं नाही.”

त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. बाराव्या ओळीत सतराव्या पेटीचा क्रमांक आणि तारीख त्यांनी घातलेली होती. रुंद रकाना रिकामा.

बाईने शाईचं पेन मागून घेतलं. कागद उत्तम, असं तिने लिहिलं. कीड नाही, बुरशी नाही. मग सकाळची नोंद सगळी, शब्दाला शब्द, चारही पत्रं, दोन्ही जोडीदार, टाचणीचा डाग किती लांब आणि किती तिरपा ते सुद्धा. रकाना पुरला नाही, तर खालच्या ओळी घेतल्या. रिळं भरणाऱ्या बाईचं नाव लिहायचं की नाही, इथे ती अडली. नाव कुठे जाणार नाही, असं तिला एकदा कुणी सांगितलं होतं. बाईने थोडा विचार केला आणि नाव लिहिलं नाही. चौघींपैकी कुणाचंच नाही. बाकी चारही माणसांची हुद्द्यासकट लिहिली. प्रोफेसरांचं, मॅनेजरचं, मुकादमाचं, आणि पेटी दुरुस्तीला पाठवणाऱ्या संचालकांचं. खाली पूर्ण सही केली, आद्याक्षरं नव्हे.

काकांनी ते वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचत असल्यासारखे ओठ हलवत, सावकाश.  मग ते उठले, पडद्यामागे गेले, आणि सगळ्यात खालची, तपकिरी चिठ्ठीची पेटी दोन्ही हातांनी ओढत दिव्याखाली आणली.

तिने घड्याळ पाहिलं. डब्याची वेळ झाली होती, छाती भरून दुखायला लागली होती. तिने काकांना सांगितलं की दहा मिनिटं त्यांनी बाहेर थांबावं आणि दार लावून घ्यावं. काका बाहेर गेले, दाराशी स्टूल ओढून पाठ करून बसले. तिने पंप लावला, आणि मोकळ्या हाताने पेटीची दोरी सोडायला घेतली.